सरकारी नोकरी की कंपनी? भरतीची वाट बघण्याआधी हा हिशेब घरात बसून मांडा

पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या पट्ट्यात कुठल्याही घरी जा, पोरगं पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलं की एकच विषय चाललेला असतो. सरकारीची तयारी करू द्यायची, की सुपा-रांजणगाव-चाकणच्या कंपनीत लावायचं? वडील म्हणतात, थोडं थांब, जाहिरात निघंल. मामा म्हणतो, पोराला बसवून ठेवू नका. आणि पोराला काय वाटतं ते बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

खरं सांगायचं तर दोन नोकऱ्या समोर ठेवून एक उचलायची असती, तर हा लेख लिहायची गरजच नव्हती. गावाकडच्या माणसाने सरकारी उचलावी, यात वाद नाही. पण पोरासमोर सरकारी नोकरी नसते, सरकारी नोकरीची रांग असते. कंपनीतल्या नोकरीशी तुलना करायची तर त्या रांगेची करायला पाहिजे. रांग किती लांब, त्यात किती वर्षं जातात आणि तेवढे दिवस घरखर्च कोण भागवतं, हे बघा.

सरकारी पगारात हातात किती पडतं?

आपल्याकडची दोन ओळखीची पदं घेऊ. तलाठ्याचा मूळ पगार २५,५०० रुपयांपासून सुरू होतो. पोलीस शिपायाचा २१,७०० पासून. त्यावर महागाई भत्ता. २०२५ मध्ये राज्य सरकारने तो ५५ टक्के केला. म्हणजे तलाठ्याला भत्त्याचेच १४ हजार, दोन्ही मिळून साडेएकोणचाळीस हजार. घरभाडे भत्ता वेगळा. पेन्शनची कपात जाऊनही नव्या तलाठ्याच्या हातात ३५ हजारांच्या पुढे रक्कम येते. शिपायाचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून साडेतेहतीस हजार होतात. शिवाय दरवर्षी जुलैत तीन टक्के वाढ, साहेब खूश असो वा नसो.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे खात्री. दुष्काळ पडला, कांदा गडगडला, कारखान्याने उसाचं बिल लांबवलं, तरी पगार होतो. बँक कर्जाला नाही म्हणत नाही. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरातल्या एकाला अनुकंपावर अर्ज करता येतो. सोयरिकीचं तर बोलायलाच नको. दहा एकर बागायत असलेल्या पोराचा बायोडाटा बाजूला राहतो आणि शिपाई लागलेल्या पोराच्या घरी मुलीकडचे चहाला येतात. आवडो न आवडो, हे आहे.

पेन्शनबद्दल मात्र जुन्या माणसांना बघून अंदाज बांधू नका. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही (त्याआधीच्या जाहिरातीतून निवडलेल्यांना नंतर सवलत मिळाली, तेवढाच अपवाद). नव्या योजनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जमा होतात आणि ते बाजारात गुंतवले जातात. यावरूनच मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला होता, शाळा आणि दवाखाने अडले होते. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवर युनिफाइड पेन्शनला मंजुरी दिली. त्यात २५ वर्षं नोकरी झाली तर मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, अशी हमी आहे. आता अट नीट वाचा. पंचवीस वर्षं. तिशी ओलांडून ३४ व्या वर्षी लागलेला माणूस ५८ व्या वर्षी निवृत्त झाला तर त्याची २४ वर्षंच भरतात.

रांग किती लांब आहे?

२०२३ ची तलाठी भरती आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर. फी खुल्या गटाला एक हजार, राखीवला नऊशे. प्रत्यक्ष परीक्षेला साडेआठ लाखांच्या आसपास मुलं बसली. म्हणजे बसलेल्यांचाच हिशेब धरला तरी एका जागेमागे जवळपास १९० जण. पोलीस भरतीत २०२४ साली १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज होते, एका जागेमागे शंभर. एकाच मुलाचे दोन-तीन अर्ज असतात, काही जण मैदानात येतच नाहीत, हे धरूनसुद्धा गर्दी ही गर्दीच.

निवड झालेल्याचा फ्लेक्स चौकात लागतो, हार-तुरे होतात, तालमीपासून मिरवणूक निघते. उरलेल्या शंभर-दोनशेंचा फ्लेक्स कुणी लावत नाही. म्हणून गावात बघणाऱ्याला वाटतं, अभ्यास केला की लागतोच.

गर्दीपेक्षाही वाईट भाग म्हणजे जाहिरातीचा भरवसा नाही. तलाठ्यांची मोठी भरती २०१९ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला. जिल्हा परिषदेचं तर अजून पोरं विसरलेली नाहीत. मार्च २०१९ मध्ये जाहिरात आली, फी भरली. मग महापरीक्षा पोर्टलचा घोळ, मग कोरोना, मग तारीख पे तारीख. शेवटी २०२२ मध्ये ती भरतीच रद्द झाली आणि फी परत द्यायचं ठरलं. नवीन जाहिरात आली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, १९,४६० जागांची. फी परत मिळेल हो, पण साडेचार वर्षं कोण परत देणार? २०१९ ला २४ वर्षांचा असलेला मुलगा तोवर अठ्ठावीस ओलांडतो आणि खुल्या गटातून पोलीस भरतीची वयोमर्यादाच २८ आहे, राखीवला ३३. मधल्या काळात आरोग्य विभागाच्या २०२१ च्या परीक्षेचे पेपर फुटले आणि तीही परीक्षा रद्द करावी लागली. अभ्यास चांगला झालेल्यांचंही त्यात नुकसान झालं.

बाकीच्या बऱ्याच पदांना खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. ही सवलत आहे. पण आमच्या मते घरोघरी याचाच घात होतोय. मर्यादा ३८ ची आहे म्हणून ३८ पर्यंत बसायचं, असं कुणी सांगितलं?

वाट बघायला किती पैसे लागतात?

एक साधं गणित मांडू. आकडे आपण समजून घ्यायला धरलेत, तुमच्या घरचे तुम्ही टाका.

समजा पोरगं तयारीला पुण्यात गेलं. कॉट बेसिसवर राहणं, मेस, अभ्यासिका, पुस्तकं, गाडीभाडं मिळून महिना ९ हजार. चार वर्षांचे ४ लाख ३२ हजार. क्लासची फी धरलेली नाही. हे पैसे घरातून गेले. त्याच्याच वर्गातला दुसरा कंपनीत लागला. हातात १६ हजार, खर्च तेवढाच ९ हजार. चार वर्षांत त्याच्याकडे ३ लाख ३६ हजार उरले. दोघांमधलं अंतर झालं ७ लाख ६८ हजार रुपये.

तयारी केलेला लागला, तर हे अंतर तो काही वर्षांत सहज भरून काढतो. तलाठ्याच्या हातातला पगार आणि कंपनीतला १६ हजार यातला फरकच वर्षाला दोन लाखांच्या वर जातो. म्हणजे निवड झाली तर चार वर्षं वसूल. नाही झाली, तर ते पैसेही गेले आणि २६-२७ वर्षांचा, अनुभव शून्य असा माणूस कंपनीच्या गेटवर उभा राहतो. त्याच्यापुढे रांगेत २१ वर्षांची आयटीआय झालेली पोरं असतात. सुपरवायझर कुणाला घेईल, सांगा.

म्हणून ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आहे आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण बाकी आहे, त्या घराने चार वर्षं लावणं आणि ज्या घरात वडील मास्तर आहेत त्या घराने चार वर्षं लावणं, यात फरक आहे. मेहनत सारखी असली तरी दोघांना परवडणारी जोखीम सारखी नाही. हे बोलायला अवघड जातं, पोराला वाटतं घरचे विश्वास ठेवत नाहीत. तरी पण बोलायला पाहिजे, आणि जमीन गहाण टाकायच्या आधी बोलायला पाहिजे.

"सरकारी" म्हणजे नक्की कोणती?

आजकाल सरकारी ऑफिसात बसणारा प्रत्येक जण सरकारी नोकर नसतो. तहसीलमध्ये कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा एजन्सीचा असू शकतो. ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर असू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी पदं भरण्याचा निर्णय काढला होता. ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. पण म्हणून कंत्राटी पदं संपली, असं काही झालं नाही.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार महिना. सुरुवातीला सहा महिने होते, पुढे मुदत अकरा महिन्यांवर नेली. कित्येक मुलांनी ग्रामपंचायतीत, शाळेत काम केलं आणि घरच्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "आमचं पोरगं सरकारीत लागलं." ते प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हती. मुदत संपली की संपलं. अग्निवीरचंही तसंच समजून घ्या. सैन्य म्हणजे अभिमानाची गोष्ट, आपला जिल्हा त्यात मागे नाही. पण चार वर्षांनी पुढे कायम होतात ते २५ टक्क्यांपर्यंतच. बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन पंचविशीच्या आत परत येतात. जायचं तर पाचव्या वर्षी काय करणार, हे आधीच ठरवून जा.

काही ठिकाणी नोकरी पक्की असते, पण सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकचा शिक्षणसेवक १६ हजारांवर राबतो. महावितरणच्या विद्युत सहायकाला पहिल्या तीन वर्षांत १५, १६ आणि १७ हजार. ही थांबण्यासारखी तीन वर्षं आहेत, कारण पुढे पूर्ण पगार दिसतो. कंत्राटी ऑर्डरमध्ये तसं काही दिसत नाही. त्यामुळे कुणी "सरकारी आहे" म्हणालं की ऑर्डर मागा. त्यावर नेमणूक कोण करतंय, विभाग की एजन्सी? पद मंजूर आहे का? मुदत लिहिलीय का? वेतनश्रेणी लिहिलीय की "एकत्रित मानधन"? हे चार मुद्दे बघितले की कागद स्वतःच बोलतो.

आणि सेटिंगवाल्यांचं. "आत माणूस आहे, आठ-दहा लाखांत काम होतं, निम्मे आधी निम्मे नंतर." असा माणूस प्रत्येक बाजारात भेटतो. त्याची चाल साधी आहे. तो वीस जणांकडून पैसे घेतो. वीसातला एखादा स्वतःच्या मार्कांवर लागतो, त्याचे पैसे हा ठेवतो आणि त्याचंच नाव पुढच्या वीस जणांना सांगतो. बाकीच्यांना "पुढच्या भरतीत बघू". तक्रार करावी तर लाच देणं हाही गुन्हाच, म्हणून लोक गप्प बसतात. एक रुपया देऊ नका. सरकारी माणसाने पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री नंबर आहे, पैसे द्यायच्या आधी फोन करा.

कंपनी म्हणजे नुसता पगार नव्हे

कंपनीत लागलेल्या पोराला गावाकडचे विचारतात, "हातात किती?" हातात १६ का १८ हे महत्त्वाचं आहेच, पण कुणाच्या नावावर काम करतोस हा त्याहून मोठा प्रश्न आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्याचा ड्रेस घालून जाणारी निम्मी पोरं कागदावर ठेकेदाराची असतात. ठेकेदार बदलला की नवा जॉइनिंग, नवा नंबर. अकराव्या महिन्यात ब्रेक. हे ज्याच्या वाट्याला येतं, त्याला घरी दुसऱ्या अर्जांची पावती शोधावी लागते, यात त्याचा दोष नाही.

पण ठेकेदाराकडे असलं तरी कायद्याने काही गोष्टी मिळायला पाहिजेत. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ लागतो. मूळ पगार १५ हजार धरला तर कामगाराचे १,८०० कापतात आणि तेवढेच मालकाने भरायचे. मालकाच्या वाट्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, बाकीचे पीएफला. दहा वर्षं भरली तर पेन्शनचा हक्क येतो. रक्कम मोठी नसते, किमान पेन्शन आजही हजार रुपये आहे, म्हणून सरकारी पेन्शनशी तिची बरोबरी करू नका. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी. १६ हजारांवर कामगाराचे फक्त १२० रुपये जातात आणि त्यात बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांचा दवाखाना येतो. आपल्याकडे कितीतरी लोक हे कार्ड काढतच नाहीत आणि खासगी दवाखान्यात व्याजाने पैसे काढून भरतात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफसोबतच्या विम्यातून वारसाला सात लाखांपर्यंत मिळू शकतात. कायम कामगाराने पाच वर्षं एका ठिकाणी काढली तर ग्रॅच्युइटी. १५ हजार मूळ पगारावर पाच वर्षांची साधारण ४३ हजार होते. आणि जादा तास केले तर पैसे दुप्पट दराने.

हे सगळं खरंच भरलं जातंय का, ते मोबाईलवर दिसतं. उमंग ॲपमध्ये यूएएन नंबर टाकून पासबुक उघडा. पगारपत्रकावर कपात दाखवलीय आणि पासबुकात नोंद नाही, असं असेल तर ठेकेदार तुमचे पैसे स्वतःकडे ठेवतोय. कंपनी बदलली तर जुनाच यूएएन द्या, नवीन काढू देऊ नका. दहा वर्षांचा हिशेब त्यावरच धरला जातो.

पगार वाढायचा तर हातात काम पाहिजे, हेही तितकंच खरं. नुसता हेल्पर पाच वर्षांनी हेल्परच राहतो. वेल्डिंग, सीएनसी, इलेक्ट्रिशियन, क्वालिटी तपासणी, यातलं काहीतरी शिकलेला माणूस कंपनी बदलताना पगार सांगून घेतो. पदवी घेऊन गेलेल्या पोराला हे कमीपणाचं वाटतं. वाटू द्या, पण आयटीआयवाल्याला विद्युत सहायकाचा सरकारी दरवाजाही उघडा असतो आणि कंपनीचाही.

मुलींचा हिशेब थोडा वेगळा

मुलींना राज्याच्या भरतीत ३० टक्के समांतर आरक्षण आहे. सहा महिन्यांची बाळंतपणाची पगारी रजा, पुढे मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत १८० दिवस वेगळे. कंपनीतही कायद्याने २६ आठवडे मिळतात, पण ठेक्यावरच्या मुलीला त्याआधीच "ब्रेक" दिला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मुलीने सरकारीसाठी थोडं जास्त थांबणं हिशेबात बसतं. अडचण अशी की नेमकं तिलाच कमी वेळ मिळतो. भावाला चार वर्षं, तिला एक भरती. "यंदा झालं तर झालं, नाहीतर उरकून टाकू." भरती दर चार वर्षांनी निघते आणि तिला वर्षभरच दिलं, तर तिने करायचं काय?

मग करायचं काय?

आमचं मत विचाराल तर तयारी करा, पण तारीख घालून करा. पदवीनंतर दोन वर्षं, किंवा आपल्या पदाच्या दोन जाहिराती. जे परवडेल ते, पण घरात सगळ्यांसमोर ठरलेलं पाहिजे. पहिल्या जाहिरातीत कटऑफच्या आसपास मार्क आले तर पुढे जाण्यात अर्थ आहे. तीस-चाळीस मार्कांनी मागे असाल आणि दुसऱ्यांदाही तसंच झालं, तर तिसऱ्यांदा नशीब फिरेल म्हणून थांबू नका.

एका वेळी दहा पदांचे फॉर्म भरणं हीसुद्धा तयारी नव्हे. पोलीस भरतीत मैदानाचे ५० मार्क आणि लेखीचे १००. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. ज्याचं मैदान चांगलं आहे त्याने गावातच राहून पहाटे पळावं आणि दिवसा अभ्यासिकेत बसावं, पुण्याचा खर्च कशाला? उंची आधी मोजा. मुलांना १६५ सेंटीमीटर, मुलींना १५५ लागते. ती नसेल तर दोन वर्षं पळून उपयोग नाही, हे पहिल्याच दिवशी कळायला हवं. कंपनीत राहून तयारी होते का? शिफ्ट लागली तर अवघड जातं. पण तालुक्याच्या ठिकाणी पतसंस्था, मेडिकल, महा ई-सेवा केंद्र अशा ठिकाणी अर्धवेळ काम करून अभ्यास करणारी मुलं आपल्याच भागात आहेत. पाच-सहा हजारांनी घरावरचा भार तर हलका होतोच, शिवाय अनुभवाचा रकाना कोरा राहत नाही.

जाहिरात नसतानाच्या काळात कागद तयार ठेवा. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, एमएस-सीआयटी. नॉन-क्रिमिलेअरला मुदत असते, तुमचं कोणत्या तारखेपर्यंत चालतं ते आजच बघा. दहावीच्या सनदेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एक आहे का, तेही. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर लहान कुटुंबाच्या नियमात अर्ज बाद होतो, म्हणून लग्न झालेल्यांनी ते ध्यानात ठेवावं. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात अख्खा तालुका उभा असतो, सर्व्हर बंद पडतो आणि शेवटची तारीख काही थांबत नाही.